गर्दी फक्त सहा फूट उंच असते

सॅन होजेच्या एका गृहस्थांनी विचारलंय: जूनच्या शेवटी सांगलीहून आलेल्या आई-बाबांना घेऊन आम्ही ॲरिझोनात पेज या गावी जातोय. अप्पर अँटिलोप कॅन्यनची, म्हणजे तिथल्या तांबूस खडकातल्या अरुंद घळीची, सकाळी साडेअकराची टूर मिळाली आहे. ट्रायपॉड चालत नाही, बॅग चालत नाही, गाइड एका जागी थांबू देत नाही, आणि ओळखीच्यांनी दाखवलेल्या फोटोंत खडकांपेक्षा टोप्याच जास्त दिसतात. माझ्याकडे फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आहे, १६-३५ आणि २४-७० मिमी अशा दोन झूम लेन्स आहेत. सेटिंग काय ठेवू? की कॅमेरा हॉटेलात ठेवून फोनवरच भागवू?

कॅमेरा न्या. सेटिंग खाली आकड्यांसकट सांगते. पण अडचण नुसती सेटिंगची असती तर ती पाच मिनिटांत सुटली असती. आत एखाद्या वळणावर तुम्हाला मोकळे असे जेमतेम दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात बघायचं, पाय रोवायचे, कॅमेरा उचलायचा, दोन-तीन वेळा बटण दाबायचं आणि पुढच्याच्या मागे चालू लागायचं. त्यामुळे आत जाण्याआधी काय काय उरकून ठेवायचं आणि आत गेल्यावर कुठे बघायचं, या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं.

मी फिनिक्सला राहते, फोटोग्राफी शिकवते. ट्रायपॉड लावून निवांत उभं राहू देणाऱ्या खास फोटो टूर तिथे असत, तेव्हा गेलेय आणि त्या बंद झाल्यावरही गेलेय. माझे मला आवडणारे फोटो नंतरचे आहेत. ट्रायपॉडच्या दिवसांत आम्ही बाराजण एका ओळीत उभे राहून एकाच वळणाचा एकच फोटो बारा वेळा काढायचो.

आधी गर्दीचं बघू. अप्पर कॅन्यनच्या भिंती सुमारे १२० फूट उंच आहेत. गर्दी सहा फूट उंच असते. कोणी पोराला खांद्यावर घेतलं असेल तर आठ. त्याच्या वरती कोणीच नसतं. तरीही बहुतेक लोक कॅमेरा डोळ्यांसमोर आडवा धरतात, १६ मिमीवर, म्हणजे लेन्स सगळ्यात रुंद करून, सगळं मावेल म्हणून सगळंच मावून घेतात, आणि घरी आल्यावर कुरकुरतात की डोकी आली. कॅमेरा उभा धरा. तो इतका वर करा की फ्रेमची खालची कड पुढच्या माणसाच्या टोपीच्या वितभर वर येईल. इमारतीचा फोटो असा मान वर करून काढला की ती मागे कलल्यासारखी दिसते, कारण तिच्यात सरळ रेघा असतात. इथे एकही सरळ रेघ नाही. भिंत कलली तर कोणाला कळतही नाही.

वर किती जायचं याला मात्र मर्यादा आहे. अगदी वर आभाळाची चीर दिसते, आणि दुपारी ती खालच्या खडकापेक्षा कित्येक पटींनी उजळ असते. ती फ्रेममध्ये आली की एक तर ती पांढरीफटक जळते, नाही तर तिला सांभाळताना बाकी सगळं काळं होतं. म्हणून वरची कड त्या चिरेच्या खाली थांबवायची. भिंतीचा एखादा फुगीर भाग बघून ठेवायचा आणि त्याच्या आड ती चीर लपवायची, म्हणजे अर्धं पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं. टोप्यांच्या वर आणि आभाळाच्या खाली जो पट्टा उरतो, तो तुमचा फोटो. तिथे लोकही नसतात आणि उजेडही सगळ्यात देखणा असतो.

हा उजेड कुठून येतो ते समजून घेतलं की निम्म्या सेटिंग आपोआप ठरतात. मी पहिली घळ पाहिली ती भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांदण दरी. कॉलेजात होते, हातात फिल्मचा कॅमेरा. तिथला खडक काळा बेसाल्ट. वरून आलेला प्रकाश पहिल्याच भिंतीवर पडतो आणि बराचसा तिथेच शोषला जातो. खाली पोचतो तो करडा, थंड. अँटिलोपचा खडक नवाहो सँडस्टोन, म्हणजे वाळूचा दगड, लोहामुळे तांबूस झालेला. ऊन वरच्या कडेवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर उडतं, तिथून परत इकडे, असं खाली उतरत येतं. दर उडीला खडक निळा भाग गिळतो आणि तांबडा-नारिंगी पुढे पाठवतो. म्हणून दोन-तीन उड्या घेतलेल्या उजेडात भिंत आतून पेटल्यासारखी दिसते. आणि ज्या कोपऱ्यात हा परतलेला उजेड पोचत नाही, नुसतं आभाळच डोकावतं, तिथे खडक जांभळट निळा दिसतो. तो रंग कोणी घरी बसून घातलेला नसतो, खरोखर तिथे असतो. अर्थात इंटरनेटवर रिक्षाच्या हुडाखालच्या दिव्यांसारखे जांभळे फोटो दिसतात, ते घरी बसूनच केलेले.

यातून पहिली सूचना निघते ती व्हाइट बॅलन्सची, म्हणजे फोटोतले रंग किती उबदार किंवा थंड दिसावेत हे ठरवणाऱ्या सेटिंगची. तो ऑटोवर ठेवू नका. ऑटोचं कामच असं की सगळं केशरी दिसलं तर 'काहीतरी बिघडलंय' समजून त्यात निळं ओतायचं. घरी आल्यावर भिंती ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाच्या दिसतात त्या त्यामुळे. डेलाइटवर, म्हणजे साधारण ५२०० केल्विनवर, ठेवा आणि टूर संपेपर्यंत हात लावू नका. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर नंतर बदलता येतो हे खरं, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर चुकीचा रंग दिसत राहिला की माणूस चुकीच्याच गोष्टींचे फोटो काढतो.

आता आकडे. ट्रायपॉड असताना आत मध्यम उजेडाच्या जागी माझं एक्सपोजर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटर उघडं राहायला दोन सेकंद असं असायचं. हातात धरून दोन सेकंद शक्य नाहीत. एफ ११ वरून एफ ४ वर आलात की तीन स्टॉप मिळाले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), दोन सेकंदांचा पाव सेकंद झाला. आयएसओ १०० वरून १६०० केलात की आणखी चार स्टॉप, पाव सेकंदाचा १/६०. हे हातात धरून सहज जमतं. अंधाऱ्या कोपऱ्यात याच्या चौपट उजेड लागतो, तिथे १/१५ किंवा आयएसओ ६४००. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल आणि तुमचा हात बरा असेल तर रुंद लेन्सवर १/१५ ला खडक स्पष्ट येतो. तरी मी तीनचे बर्स्ट, म्हणजे लागोपाठ तीन फोटो, काढते. त्यातला मधला बहुधा सगळ्यात स्थिर असतो, कारण बोट दाबताना आणि सोडताना कॅमेरा हलतो.

एफ ४ वर सगळं फोकसमध्ये येईल का, असा प्रश्न पडेल. १६ मिमीवर साधारण दोन मीटरवर फोकस ठेवला तर एक मीटरपासून पार शेवटपर्यंत सगळं नीट येतं. ३५ वर तेवढी मुभा नाही, तिथे ज्या भिंतीवर उजेड आहे तिच्यावरच फोकस करा. मी ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेऱ्याने), एफ ४, ऑटो आयएसओ, त्याला वरची मर्यादा ६४००, शटर १/३० सेकंदापेक्षा मंद होऊ द्यायचा नाही, आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात आपण केलेली घट-वाढ) उणे दोन-तृतीयांश स्टॉप, असं सगळं गाडीत बसायच्या आधीच लावून ठेवते. उणे अशासाठी की आत अंधार जास्त, कॅमेरा अंधार बघून सगळं उजळवायला जातो आणि भिंतीची पेटलेली कड जळते. सावलीतून नंतर बरंच काही वर काढता येतं. जळलेल्या कडेत काही उरलेलंच नसतं. जास्त आयएसओमुळे फोटोत येणाऱ्या दाण्यांना घाबरू नका. वाळूच्या दगडात दाणे मुळातच आहेत.

लेन्स एकच न्या, १६-३५. बॅग नाही म्हणून दुसरी ठेवायची कुठे हा प्रश्न आहेच, पण ती खिशात मावत असती तरी मी नको म्हटलं असतं. वरून सतत बारीक वाळू झिरपत असते. वारा सुटला की ती पिठासारखी खाली येते. पहिल्या खेपेला मी आत उभी राहून लेन्स बदलली होती. पुढची दोन वर्षं त्या लेन्सची झूमची रिंग जात्यासारखी घरघरत होती, आणि सेन्सर साफ करायला पैसे गेले ते वेगळेच. १६-३५ वरही मी बहुतेक फोटो २४ ते ३५ च्या मध्ये काढते. १६ ची गरज फार थोड्या जागी लागते, आणि तिथे लोक टाळणं अवघड जातं.

आता तुमच्या साडेअकराच्या वेळेबद्दल. इथे थोडं 'तुम्हाला काय हवंय' यावर आहे. अप्पर कॅन्यन वरून अरुंद आणि तळाशी रुंद आहे, म्हणून वरच्या भोकांतून ऊन उभ्या झोतासारखं आत उतरतं. साधारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारच्या आगेमागे, सूर्य पुरेसा उंच असताना. जवळचाच लोअर अँटिलोप कॅन्यन उलटा आहे, वरून रुंद आणि खाली चिंचोळा; तिथे उजेड जास्त, झोत कमी. तुमची वेळ झोतांचीच आहे. त्यामुळेच ती सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीची. मला विचाराल तर झोत हा कॅन्यनचा सगळ्यात रंजक भाग नव्हे. तो बघायला विलक्षण असतो, फोटोत बहुधा पांढरी काठी दिसते. पण आई-बाबा एकदाच येणार असतील तर झोतांची वेळ बदलू नका. त्यांनी तो डोळ्यांनी बघायला हवा.

झोताचा फोटो काढायचाच असेल तर कॉम्पेन्सेशन आणखी खाली, उणे दीडपर्यंत न्या. झोत जमिनीवर जिथे आपटतो तो गोळा फ्रेमच्या बाहेर ठेवा. तो जळतोच, आणि तिथेच सगळे घोळका करून उभे असतात. हवेत धूळ असेल तरच झोत दिसतो, म्हणून काही गाइड स्वतः मूठभर वाळू वर उडवतात. ते त्यांचं काम, तुम्ही उडवू नका. वाळू उडवल्यावर लगेच फोटो काढला तर ढेकळं दिसतात. चार-पाच सेकंद थांबा, जाड कण खाली बसतात, बारीक धूळ धुरासारखी तरंगत राहते, तेव्हा काढा. गंमत म्हणजे या जागेचा सगळ्यात गाजलेला फोटो, जो २०१४ साली ६५ लाख डॉलरना विकला गेल्याचं छायाचित्रकाराच्या कंपनीने जाहीर केलं होतं, तो कृष्णधवल आहे. झोत आणि माणसासारखी दिसणारी धूळ, एवढंच. तेव्हा रंग मनासारखे आले नाहीत तर फाइल टाकून देऊ नका, एकदा रंग काढून बघा.

रांगेत कुठे उभं राहायचं हे बहुतेकांना सुचत नाही. लोक धावत गाइडच्या मागे पहिले उभे राहतात. पहिल्या माणसाला पुढचा गट दिसतो, आणि मागून सगळे ढकलत असतात. तुमच्या गटात सगळ्यात शेवटी राहा. गट वळणापलीकडे गेला आणि मागचा गट अजून आला नाही, अशी एक फट दर वळणावर तयार होते. ती दहा सेकंदांची का असेना, तुमची असते. फक्त टूर सुरू होण्याआधी गाइडला तसं सांगून ठेवा: मी शेवटी चालेन, तुम्ही हाक मारली की लगेच येईन. आणि हाक मारली की खरोखर लगेच जा. एकदा शब्द पाळलात की पुढच्या वळणाला तो गाइडच मागचा गट क्षणभर थांबवतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. टूर संपल्यावर टीप द्यायची पद्धत आहे, ती हात आखडून देऊ नका.

ही सगळी जागा नवाहो या मूळ अमेरिकी लोकांची आहे. ते स्वतःला दिने म्हणवतात, आणि अप्पर कॅन्यनला त्यांच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ 'पाणी खडकांतून वाहतं ती जागा' असा होतो. हे नाव शब्दशः घ्यायचं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस तिथे नव्हे, कित्येक मैल वरच्या बाजूला पडला होता. आज गाइडशिवाय आत जाता येत नाही, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसाळ्यात डोक्यावर निळं आभाळ असतानाही टूर रद्द होते. तुम्ही जूनच्या शेवटी जाताय, म्हणजे पावसाळ्याच्या उंबरठ्यावर. रद्द झाली तर काउंटरवर हुज्जत घालू नका. शक्य असेल तर पेजला दोन रात्री राहा, म्हणजे दुसरा दिवस हाताशी राहतो. टूर चुकली तर जवळच हॉर्सशू बेंड हे नदीचं नालेसारखं वळण आहे, तिथे आभाळच आभाळ आहे.

घड्याळाचा एक घोळ मात्र आधीच सांगून ठेवते. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वायत्त प्रदेश, करतं, शेजारचं युटाही करतं. पेजला उभं राहून फोन युटाचा टॉवर पकडतो आणि एक तास पुढे उडी मारतो. कॅन्यन नवाहोंच्या जागेत असला तरी त्याच्या टूर पेजच्या वेळेवर चालतात. फोनवर विसंबून तुम्ही पेजला पोचलात तर फार तर तासभर आधी पोचाल, उन्हात बसाल, एवढंच. पण तिथून पुढे नवाहो नेशनमधल्या मॉन्युमेंट व्हॅलीची टूर ठरवली असेल तर तिथे खरोखरच घड्याळ एक तास पुढे असतं, आणि ती टूर चुकते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचं आणि पेजचं घड्याळ एकच असतं. घरून निघतानाच फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा, किंवा बाबांचं मनगटी घड्याळ प्रमाण माना.

आई-बाबांसाठी अप्पर निवडलंत हे बरं केलंत. लोअरला खाली उतरायला उभ्या लोखंडी शिड्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तो मार्ग नको. अप्परला आत चाल सपाट वाळूतली आहे, पण हल्ली आत एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडून चढ-उताराच्या पायवाटेने, पायऱ्यांवरून गाड्यांकडे परत यायचं असतं. उन्हात. आईंना टोपी, नाकाला रुमाल, आणि हातात पाण्याची बाटली. त्यांचा फोटो सगळ्यात आधी काढा, वाटेत मिळेल तेव्हा नव्हे. एखाद्या वळणाआधी त्यांना भिंतीजवळ उभं करा, अशा जागी की समोरची भिंत उन्हाने उजळलेली असेल. तो परतलेला उजेड चेहऱ्यावर इतका मऊ पडतो की स्टुडिओतला सॉफ्टबॉक्स फिका पडावा. ३५ मिमी, कमरेपासून वर, आणि 'इकडे बघा' म्हणू नका. वर बघू द्या. साडी किंवा ओढणी असेल तर पांढरी, फिकी पिवळी, आकाशी चालेल. लाल आणि केशरी खडकात विरघळून जातं. फ्लॅश बंद. फ्लॅशने तो सगळा सोनेरी उजेड पुसला जातो, आणि धुळीचे गोल ठिपके उमटतात ते वेगळंच. तिथे ते कुणालाही नको असतं, गाइडला तर मुळीच नाही.

फोनचं म्हणाल तर तो हवाच, पण कॅमेऱ्याच्या बदली नको. फोनची अतिरुंद लेन्स, ती ०.५ वाली, अंधारात कच्ची पडते. मुख्य लेन्स वापरा. भिंतीच्या उजळ कडेवर बोट ठेवून फोकस करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. नाइट मोड आपोआप चालू झाला तर श्वास धरून, कोपरं अंगाशी आवळून उभे राहा. तिथले गाइड फोनच्या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे असतात. तुमच्या हातातून फोन घेतील, आयफोन असेल तर 'व्हिव्हिड वॉर्म' फिल्टर लावतील, आणि 'इथून, असा धरा' म्हणून दाखवतील. हृदय, अस्वल, मेणबत्ती, असे ते दाखवतात ते आकार त्या एकाच जागेवरून दिसतात. ते फोटो फोनवर घ्या, घरच्या ग्रुपवर पाठवायला. कॅमेरा मात्र त्या वेळी दुसरीकडे वळवा. सगळे हृदयाकडे बघत असताना पाठीमागची भिंत मोकळी असते.

तुम्ही सगळीकडे फोटो काढायला जाल, आणि दमाल. मी शिकवते त्या मुलांना सांगते की सहा जागा निवडा, बाकीच्या नुसत्या बघा. त्यांना ते पटत नाही. पहिल्या खेपेला मलाही पटलं नव्हतं. चारशे फोटो काढले होते, ठेवले नऊ.

हॉटेलात परत आल्यावर लेन्स लगेच काढू नका. आधी कॅमेरा उलटा धरून, लेन्स लावलेलीच ठेवून, रबरी फुंकणीने रिंगांच्या खाचा, बटणं, पट्ट्याच्या कड्या सगळं फुंकून घ्या. मग मऊ ब्रशने. काच सगळ्यात शेवटी, आणि फुंकल्याशिवाय तिच्यावर कापड फिरवायचं नाही, नाही तर ती वाळू काचेवर घासली जाईल. शर्टाचा खिसाही झटका. माझ्या खिशातून नंतर महिनाभर वाळू निघत होती.